रविवारच्या डॉक्टरबाई

१९ नोव्हेंबर

प्रिय खारूताई,

अनेक आशीर्वाद. तू आता स्वतः दोन मुलांची आई आहेस, ऑफिसात तुझ्या हाताखाली माणसं आहेत, तुला या नावानं हाक मारावी की नाही असं क्षणभर वाटलं. पण माझ्या टेबलावरचं गुलाबी मेण खाऊ समजून कुरतडणारी मुलगी काही माझ्या डोक्यातून जात नाही. त्याला माझा इलाज नाही.

इकडं आम्ही दोघं ठीक. काकूचा गुडघा थंडी पडली की कुरकुरतो. माझी नजर अधू झालीय, तरी आठवड्याला एखादी कवळी अजून हातून होते. हल्ली हे कामसुद्धा मशीनवर होतं म्हणे. जबड्याचा फोटो काढायचा, बटण दाबायचं, दात तयार. तरी काही जुनी म्हातारी माणसं माझा जिना चढून वर येतात. मशीनची कवळी चावते म्हणतात. मला बरं वाटावं म्हणून म्हणत असतील.

बाबांचं चालणं कसं आहे? खुब्याच्या ऑपरेशननंतर घाई करून चालत नाही, आणि घाई हा त्यांचा जन्माचा रोग. वॉकर हातात धरायला लाजतात असं तू म्हणालीस. लाजू देऊ नकोस.

झालं. हवापाण्याचं एवढंच लिहिता येतं, पुढं लिहावंच लागणार.

परवा फोनवर तू सरळ विचारलंस, "काका, थोरली कोण?" आणि मी म्हणालो, आवाज तुटतोय. आवाज तुटत नव्हता, आणि तुला ते कळलं असणार.

तू सांगितलेलं सगळं मी नीट ऐकलं होतं. भूल उतरताना बाबा नर्सला सारखे सांगत होते, "थोरलीला आत घ्या, बाहेर ताटकळत ठेवू नका, तिचे केस खराब होतील." शुद्धीवर आल्यावर तू विचारलंस तर त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. मग तुला लहानपणीचे रविवार आठवले. दवाखाना बंद, तरी जेवण झालं की बाबा किल्ल्या घेऊन निघायचे, आणि आई तुला म्हणायची, "त्यांना रविवारचं काही विचारायचं नाही." तू मनाशी ताळा जमवलास. बाहेर एक बाई होती, आईला माहीत होतं आणि आईनं मुकाट सोसलं. तेव्हापासून तू बाबांना औषध वेळेवर देतेस, ताट समोर आणून ठेवतेस, पण त्यांच्याशी बोलत नाहीस. हे शेवटचं तू नाही सांगितलंस. त्यांनी सांगितलं.

तुझ्या फोनच्या दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला होता. म्हणाले, "तिला सगळं लिही. मी सांगायला बसतो आणि विषय दातांवर घसरतो."

मी म्हटलं, "सगळं?"

"सगळं. पण रडकं लिहू नकोस. आपण रडत नव्हतो. मजा होती, तशी लिही."

म्हणून लिहितोय. एरवी एकानं दुसऱ्याचं सांगायचं नाही असं आमच्यात ठरलेलं होतं, आणि ते आजवर पाळलं गेलंय.

तर उत्तर असं. थोरली म्हणजे तुझे बाबा. अंगात बाईचे कपडे आणि डोक्याला केस लावले की त्यांचं नाव थोरली. दुसरी कुणी बाई कधीही नव्हती.

आता पाणी पी. गच्ची असेल तर दोन फेऱ्या मार आणि मग पुढं वाच.

दवाखाना तुला आठवत असेल. पुढं बाकं टाकलेली खोली, मध्ये खुर्चीची खोली, पडद्यामागं माझी कामाची खोली, तिथं प्लास्टर, मेण आणि जबड्यांचे साचे. रस्त्याकडच्या काचा अर्ध्यापर्यंत पांढऱ्या रंगवलेल्या. एका रविवारी मी एक अडलेली कवळी पुरी करायला मागच्या दारानं आत गेलो, आणि हे सगळं माझ्या पाहण्यात आलं. त्यानंतरचे रविवारही मी पाहिले. काय सांगू तुला त्या दिवसांचं.

काहीही मिळायचं नाही. आज मोबाइलवर बोट ठेवलं की मापाचं सगळं घरपोच येतं, कसं लावायचं ते शिकवणारी पोरं तर गल्लोगल्ली आहेत. तेव्हा दुकानात जाऊन बाईच्या कपड्यांकडं नुसतं बघायचं तरी बायकोचं, बहिणीचं निमित्त लागायचं. माप विचारलं की घाम फुटायचा. त्यामुळं जे काही केलं ते दवाखान्यातल्याच सामानातून केलं.

आरसा म्हणजे तोंडात घालायचा तो एवढासा गोल आरसा. त्यात एकदा एक डोळा दिसायचा, एकदा अर्धा ओठ. अख्खा चेहरा एकत्र दिसायला फार दिवस लागले. दिवा खुर्चीवरचा. त्या दिव्याखाली जगात कुणी सुंदर दिसत नाही, चेहऱ्यावरचं छिद्रन् छिद्र उठून दिसतं, आणि त्यातच रंगरंगोटी करायची. दातांचा रंग जुळवायची पट्टी असते ना, ती गालाला लावून बाबा पावडरीचा रंग ठरवायचे. भुवया दाबायला माझं गुलाबी मेण वापरलं. दिव्याच्या उष्णतेनं ते वितळलं आणि एक भुवई हळूहळू गालावर उतरून आली. बाबांनी ती बोटानं टिपली आणि शांतपणे म्हणाले, "वितळबिंदू लक्षात घ्यायला हवा होता."

नखं दात बनवायच्या पावडरीची केली. फार छान झाली, इतकी छान की निघेनात. सोमवारी सकाळी बाबा दोन्ही हातांत रबरी मोजे घालून पेशंट बघत बसले. त्या काळी असं कुणी करत नसे. लोक म्हणाले, डॉक्टर फारच स्वच्छता पाळतात. दुपारी पेशंट आटोपल्यावर कवळी घासून आकार द्यायच्या मशीननं एकेक नख उतरवलं.

आणि केस. एक कपड्यांचं दुकान बंद होत होतं, त्याच्या काचेत एक बाहुली उभी होती, खांद्यापर्यंतच्या तपकिरी केसांची. बाबांनी फक्त केस मागितले. दुकानदार म्हणाला, "नुसते केस कसे देऊ? अख्खी बाहुली घेऊन जा." भर बाजारातून ती काखोटीला मारून आणली. केस काढल्यावर ती टकली बाहुली ठेवायची कुठं? शेवटी तिला पांढरा कोट घालून माझ्या खोलीत उभी केली. तू तिला घाबरायचीस. आठवतं का? तुला सांगितलं होतं की ती माणसाच्या शरीराचा अभ्यास करायला आणलीय.

छातीसाठी रबरी हातमोज्यांत पाणी भरलं. पंजा आणि त्याला पाच बोटं, दिसायला गायीच्या आचळासारखं. बोटं दुमडून दोऱ्यानं बांधली. पहिला प्रयोग बरा चालला होता, पण खाली वाकताक्षणी डावा हातमोजा फुटला आणि पाणी पोटावरून ओघळत बुटात शिरलं. बाबा हसून हसून खुर्चीत आडवे झाले आणि

इथं माझं पेन थांबलं, खारूताई. कारण तो हातमोजा बाबांच्या छातीवर फुटला नव्हता. माझ्या छातीवर फुटला होता.

वर मी सगळीकडं 'पाहिलं', 'पाहण्यात आलं' असं लिहीत आलोय. आपल्या भाषेत ही एक सोय आहे, 'पाहिलं' म्हटलं की बघणारा बाई होता की बाप्या ते कळत नाही. तुला वाटलं असेल, काका कोपऱ्यात बसून बघत होते. नाही. मी कोपऱ्यात नव्हते. मधोमध उभी होते, भिजलेली.

पहिल्या रविवारचंही उलटंच घडलं होतं. बाबांना मी पकडलं नव्हतं, त्यांनी मला पकडलं. मागच्या दाराची किल्ली माझ्याकडं असायची. घरी आई-वडील, भाऊ-वहिनी, एक खोली. अख्ख्या गावात बंद करता येईल असं दार मला फक्त दवाखान्याचं होतं. माझं तेव्हा लग्न झालं नव्हतं, बाबांकडं कामाला लागून फार काळ झाला नव्हता. एक राखाडी स्कर्ट मी वर्तमानपत्रात गुंडाळून साच्यांच्या मागं लपवलेला होता. त्या रविवारी तो घालून मी नुसती उभी होते. काही करत नव्हते. खोलीच्या मधोमध उभं राहून पाहत होते कसं वाटतं ते. आणि चष्मा विसरला म्हणून बाबा आत आले.

नोकरी गेली, हे मला लगेच कळलं. भावाच्या कानावर जाईल तेही कळलं. बाबा दारात उभे राहिले, मग आत आले, दार लावून घेतलं, टेबलावरचा चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडं नीट बघितलं. म्हणाले, "उलटा घातलायस. चेन पुढं येत नाही, मागं येते."

मी म्हटलं, "तुम्हाला कसं माहीत?"

ते म्हणाले, "मला बोलता येतं तेव्हापासून माहीत आहे. कुणाला सांगितलं मात्र आज पहिल्यांदा."

पुढच्या रविवारी ते एक पिशवी घेऊन आले. त्यात पुठ्ठ्याच्या खोक्यात ओठांचा रंग, तोही संपत आलेला, काडीनं कोरून काढायचा. एक मोठा फुलाफुलांचा ड्रेस, दूरच्या गावच्या कुठल्याशा बाजारात घेतलेला. आणि एक सँडल. जोडी नाही, एकच. दुसरी प्रवासात हरवली होती. तिची जोडीदारीण मी बनवली. टाच प्लास्टरची केली, वर रंग दिला, कुणाला ओळखू आली नसती. बाबा बाकांच्या खोलीत चार पावलं दिमाखात चालले आणि टाच मोडून मटकन खाली बसले. खाली बसल्या बसल्या त्यांनी तुकडे गोळा केले आणि मला म्हणाले, "अगं, वाळायला वेळ दिला नाहीस."

अगं. आयुष्यात मला पहिल्यांदा कुणी अगं म्हटलं, आणि तेही रागावून. दिवसभर मी ते मनात घोळवत होते.

तुला खरं सांगतो, आज माझ्याकडं चांगलं सामान आहे. कुठं ठेवलंय ते विचारू नकोस. मापाचं आहे, टोचत नाही, वितळत नाही, फुटत नाही. एकट्यानं खोलीत बसून लावतो, अर्ध्या तासात छान दिसतो, मग काढून ठेवतो. पण पाठीची चेन एकटीला लावता येत नाही. तेव्हा आम्ही दोघी आळीपाळीनं एकमेकींकडं पाठ करून उभ्या राहायचो आणि चेन ओढून घ्यायचो. एवढी धडपड करून आम्ही दिसायचो कशा, तर बुजगावण्यांसारख्या. तरी एकमेकींना बघून म्हणायचो, छान. थोरली जेव्हा छान म्हणायची ना, तेव्हा खोटं वाटायचं नाही.

आता थोरली हे नाव कसं पडलं ते.

एका रविवारी आमचं सगळं आवरून झालं होतं. बाबांना त्या दिवशी खरंच छान जमलं होतं. केस मी कवळी चिकटवायच्या पावडरीनं पक्के बसवले होते, गरम पाण्याशिवाय निघणार नव्हते. तेवढ्यात पुढचं दार कुणीतरी ठोठावायला लागलं. आम्ही दिवा मालवला. मी म्हटलं, "गप्प राहू या, जाईल."

बाबा कान देऊन ऐकत होते. म्हणाले, "हाक मारत नाहीये, नुसती कण्हतेय. म्हणजे तोंड उघडत नाहीये. सूज घशाकडं गेली तर गुदमरेल."

मी म्हटलं, "केस निघणार नाहीत. डॉक्टर, बाहेर जाऊ नका. सगळं संपेल."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. भीती त्यांनाही होती. ओठ रंगवलेले होते, तरी आतून पांढरे पडलेले मला दिसत होते. त्यांनी बाहुलीच्या अंगावरचा कोट काढून ड्रेसवर चढवला, तोंडाला फडकं बांधलं आणि जाऊन दार उघडलं. दारात कोपऱ्यावरच्या बेकरीतली बाई होती, एक गाल भोपळ्याएवढा. बाबा घसा बसल्यासारख्या आवाजात म्हणाले, "डॉक्टर बाहेरगावी गेलेत. मी त्यांची थोरली बहीण, मीही दातांचंच काम करते. आत या."

मी पडद्यामागं होते. हत्यारं पडद्याच्या फटीतून नुसत्या हातानं पुढं करत होते. बाहेर यायचा धीर मला त्या दिवशी झाला नाही, नंतरही कधी झाला नाही. फटीतून जे दिसलं ते मात्र मी आयुष्यभर विसरणार नाही. त्या बाईनं भीतीनं बाबांच्या ड्रेसची कंबर मुठीत घट्ट धरली होती, आणि बाबा तिला तशीच धरू देऊन, न हलता, गळू फोडून पू काढत होते. मधूनमधून म्हणत होते, "झालं हं. तुम्ही शूर आहात. दुखलं तर मला चिमटा काढा."

दुसऱ्या दिवशी ती बाई गरम पाव घेऊन आली. बाबा नेहमीच्या शर्ट-पँटमध्ये. तिनं विचारलं, "बाई कुठं आहेत?"

"गेली गावी."

"पुन्हा कधी येणार? राग मानू नका डॉक्टर, पण तुमच्यापेक्षा त्यांचा हात हलका आहे."

दिवसभर बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता. अर्धा अभिमान, अर्धा अपमान. संध्याकाळी मला म्हणाले, "रोज करतो तेच केलं की मी. हात तोच."

मी म्हटलं, "हात तोच. पण काल तुम्ही घाई करत नव्हता. आणि पेशंटशी बोलत होता."

ते हत्यारं उकळायला गेले. पण हळूहळू सोमवार ते शनिवारच्या डॉक्टरांचाही हात हलका झाला. हे मी शेजारून बघितलंय. स्वतःच्या थोरल्या बहिणीकडून धंदा शिकलेला असा डॉक्टर दुसरा नसेल.

बेकरीवाल्या बाईनं सगळीकडं सांगितलं. रविवारी दुपारी डॉक्टरबाई असतात, हलक्या हाताच्या, कमी बोलतात पण गोड बोलतात. बायका येऊ लागल्या. म्हातारे येऊ लागले. इंजेक्शन बघून पळणारी माणसं यायला लागली. मी म्हणत होते, बंद करू या, कधीतरी कुणीतरी ओळखेल. थोरली म्हणायची, "ओळखलं तर ओळखलं. दाढ तर काढून घेईल ना?" हा धीर तिच्यात कुठून आला मला माहीत नाही. बाबा तर तसे भित्रे. वीज चमकली की खिडकी लावून घेणारे. पण थोरली भीत नव्हती.

आणि आता तुझी आई.

वीज बिलाच्या खिडकीत आई बसायची, तुला माहीतच आहे. एक दिवस बिल भरता भरता कुणीतरी बाई काचेच्या भोकातून तिला म्हणाली, "तुमच्या नणंदेचा हात काय हलका आहे हो." तुझ्या आईला नणंद नाही. बाबा एकुलते एक. आईनं पावतीवर शिक्का मारला, सुटे पैसे परत दिले आणि म्हणाली, "हो, आहेच ती तशी." हे तिनं मला पुढं खूप वर्षांनी सांगितलं.

त्या रविवारी ती आली. बाकावर इतर बायकांच्या ओळीत बसली, नंबर आला तेव्हा आत आली आणि खुर्चीत बसली. मी फटीतून सगळं बघत होते. थोरली हातात आरसा घेऊन तशीच उभी.

आई म्हणाली, "उजवीकडची खालची दाढ. गोड खाल्लं की ठणकते."

थोरलीनं दिवा खाली ओढला आणि म्हणाली, "आ करा."

आईनं आ केला. दाढ खरंच किडलेली होती. थोरलीनं ती साफ केली, सिमेंट भरलं, जितक्या हलक्या हातानं जमेल तितक्या हलक्या हातानं. दोघींचे डोळे एकमेकींपासून वीतभर अंतरावर, आणि खोलीत फक्त मशीनचा आवाज. काम झाल्यावर थोरली म्हणाली, "घरात दातांचा डॉक्टर असताना इतकी किडू दिलीत?"

आईनं चूळ भरली. "घरातल्या डॉक्टरांना रविवारी सवड नसते."

मग ती बाकावर जाऊन बसली, शेवटचा पेशंट जाईपर्यंत. दार लागल्यावर आत आली. मला वाटत होतं आता काहीतरी फुटेल. ती रडली नाही, ओरडली नाही. आनंदही तिला झाला नव्हता, तसं मी लिहिलं तर ती मला माफ करणार नाही. तिनं थोरलीला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि म्हणाली, "हे घरी आणायचं नाही."

"नाही आणणार."

"आणि मुलीला?"

थोरली म्हणाली, "तू म्हणशील तसं."

आईनं दाराची कडी नीट लागलीय ना ते बघितलं. मग जे बोलली ते मी तुला शब्दाला शब्द लिहितोय, कारण ते तुझं आहे. "ती मोठी झाली की तिला मी सांगेन. तुम्ही नाही सांगायचं, मीच सांगणार. तुम्ही सांगितलंत तर तिला वाटेल आईला फसवलं. मी सांगितलं म्हणजे तिला कळेल की मला माहीत होतं."

बाबांनी शब्द दिला.

जाता जाता ती पडद्यामागं डोकावली. मी स्कर्टमध्ये, भिंतीला चिकटून. माझ्याकडं बघून म्हणाली, "तुम्हीपण का? तरीच." मग टकल्या बाहुलीकडं बघून म्हणाली, "हिच्या डोक्याला एखादा रुमाल बांधा. बरं दिसत नाही."

नंतर बरेच दिवस ती बाबांशी कामापुरतंच बोलायची. तुला जाणवलं असेल किंवा नसेल, तू लहान होतीस. तिला वेळ लागला, आणि तो तिनं घेतला. पण त्यानंतर दात दाखवायचे असले की ती रविवारीच यायची. आठवड्यातल्या डॉक्टरांकडं कधी गेली नाही. नंबर लावून बसायची, बायकांशी गप्पा मारायची, कुणी घाबरलेलं असलं तर धीर द्यायची, "काही होत नाही, माझ्या नणंदेचा हात फार हलका आहे."

तुझ्या लग्नाआधी सांगेन म्हणाली होती. मग म्हणाली, सासर नवीन आहे, जरा रुळू दे. मग म्हणाली, पहिलं बाळंतपण होऊ दे. सांगायची टाळाटाळ नव्हती ती, नीट जागा शोधत होती. आणि मग एका दुपारी बिलाच्या खिडकीतून उठून पाणी प्यायला गेली, तिथंच कोसळली, ती परत आली नाही. तू विमानानं आलीस तेव्हा बाबा तुझ्याशी काहीतरी बोलायला बघत होते आणि बोलले नाहीत. तुला त्याचा राग आला होता. त्यांना सांगता येत नव्हतं, खारूताई. सांगायचा हक्क ज्या बाईचा होता ती गेली होती, आणि तिला दिलेला शब्द तसाच होता. त्यानंतर थोरली दवाखान्यात आली नाही. लोक बरीच वर्षं विचारत राहिले. बाबा सांगायचे, तिचे डोळे गेले, आता काम करत नाही.

आता ऑपरेशननंतर शब्द त्यांच्याकडून नकळत मोडला, तेव्हा त्यांनीच ठरवलं की अर्धवट कळण्यापेक्षा पुरतं कळलेलं बरं. मला वाटतं तुझी आईही हेच म्हणाली असती. आणि तिचं म्हणणं तुझ्यापर्यंत पोचावं म्हणूनच मी ते तिच्याच शब्दांत लिहिलंय. तिला माहीत होतं. तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, आ करून बघितलं.

थोरलीचे केस, फुलांचा ड्रेस आणि पुढं मिळालेली एक खरी सँडलची जोडी माझ्याकडं आहे. बाबांनी टाकून द्यायला सांगितलं होतं, मी टाकलं नाही. तू म्हणालीस तर घेऊन येतो. नको म्हणालीस तर तेही समजेन, तुझ्या आईनंही वेळ घेतला होता. पण एवढं कर. हे पत्र वाचून झालं की लगेच काही विचारायला जाऊ नकोस. नुसती त्यांच्याजवळ जाऊन बस. ते आपण होऊन दातांवरच बोलायला लागतील. बोलू दे.

अजून एक. इथवर लिहून झालं आणि मला कसंतरी झालं. तुझ्या बाबांचं सगळं मी कागदावर मांडलं, आणि माझं पलीकडच्या खोलीत बसलेल्या काकूला ठाऊक नाही. लग्न झाल्यापासून नाही. तुझ्या बाबांचा धीर मला कधी झाला नव्हता, पडद्याच्या फटीतून नुसता हात तेवढा बाहेर. म्हणून सकाळी हे पत्र घेऊन तिच्यासमोर जाऊन बसलो आणि पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं. ती गुडघ्याला तेल चोळत होती. हातमोजा फुटला तिथं तिचा हात थांबला. मी वाचत राहिलो. आई खुर्चीत बसली तिथं तिनं तेलाची बाटली बाजूला ठेवली. संपलं तेव्हा मी मान वर केली नाही.

ती म्हणाली, "पुढं वाचा."

मी म्हटलं, "पुढचं अजून लिहिलेलं नाही."

"मग लिहा," ती म्हणाली, आणि तिथंच बसून राहिली. अजून बसलीय. हे मी तिच्यासमोरच लिहितेय.

बाबांना सांग, मी त्यांच्याइतकं धाडसी माणूस दुसरं पाहिलं नाही. मुलांना गोड पापा.

तुझ्या बाबांच्या थोरल्या बहिणीची धाकटी बहीण,
म्हणजे हिशेबानं तुझी

आत्या

(इतरांसमोर काकाच म्हण.)